माझा आजार, मला सोडून सगळ्यांना सांगितलेला

मी मेले नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण आमच्या आर्णी तालुक्यात एका हिवाळ्यात बऱ्याच लोकांची पक्की खात्री होती की ही बाई काही उन्हाळा पाहत नाही. काहींनी तर मनातल्या मनात माझ्या पुण्यानुमोदनाचं जेवणही उरकून घेतलं असेल.

मी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, पोरींचे फ्रॉक. लिहिणं माझं काम नाही. पण पोटुशी असताना बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी काही निघालं, की तिच्या भोवतीची माणसं तिचं काय करतात, हे कोणी लिहून ठेवत नाही. दवाखान्याच्या भिंतीवरच्या पाट्या पेशींबद्दल सांगतात. मला माणसांबद्दल सांगायचं आहे. आणि खरं सांगू? अजूनही आठवलं की माझं डोकं तापतं, म्हणूनही सांगायचं आहे.

लाल डाग

कापूस वेचणीचे दिवस होते. मला चौथा महिना. मोठी रूपा अंगणवाडीत जायची. मशीनवर बसले असताना अंगावरून थोडं लाल गेलं. सासूला मी मामीजी म्हणते, त्या म्हणाल्या, "पाय वर करून पड, होते असं कधी कधी." पण आमचे हे, प्रकाश, घाबरले. ते आर्णी ते यवतमाळ काळी-पिवळी, म्हणजे भाड्याची जीप, चालवायचे. भरलेली जीप तशीच उभी करून त्यांनी मला आर्णीच्या दवाखान्यात नेलं.

तिथल्या बाईंनी तपासलं. बाळ बरं होतं. त्या म्हणाल्या, "पिशवीचं तोंड लाल दिसतंय. जरा पुसून घेते, तपासायला पाठवते."

"कशाची तपासणी, मॅडम?"

"रुटीन आहे."

झालं! रुटीन म्हटलं की बाईनं तोंड बंद करायचं. मीही केलं. काडीनं पुसून काचेवर काहीतरी लावलं, दुखलं नाही, घरी आले आणि विसरून गेले. त्या काळात आमच्याकडे ही तपासणी कोणाची झालेली मी ऐकलंही नव्हतं. ती कशासाठी करतात, एवढं एक वाक्य त्या दिवशी कोणी बोललं असतं, तर पुढचा अर्धा तमाशा वाचला असता.

दिवाळी होऊन गेली आणि नर्सबाईंचा निरोप आला. रिपोर्ट थोडा खराब आहे, नवऱ्याला घेऊन ये. मी गेले.

"थोडा खराब म्हणजे काय व बाई?"

"ते मोठे डॉक्टर सांगतीन. यवतमाळले दाखवा. मालक आले काय संग?"

मालक होते. मालकांनाही तिनं काही सांगितलं नाही, पण निदान त्यांच्याकडे बघून तरी बोलली. रिपोर्ट माझा, पिशवी माझी, आणि बोलणं माझ्या खांद्यावरून मागे!

यवतमाळ

दुसऱ्या दिवशी मी जीपमध्ये पुढच्या सीटवर बसले. मागून कोणीतरी विचारलं, "काहून बा, आज वहिनी पुढं?"

हे साधे माणूस. म्हणाले, "तपासाले नेऊन राह्यलो. पिशवीचं काहीतरी निघालं."

काळी-पिवळीत एक वाक्य बोलणं म्हणजे दवंडी पिटणंच. एक माणूस इथं उतरतो, एक तिथं. संध्याकाळपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या गावांत माझ्या पिशवीचा विषय पोचला होता.

मोठ्या दवाखान्यात रांग, मग दुसरी रांग, मग "इथं नाही, तिकडं." बाकावर जागा नाही. ओढला की अर्धाच सरकणारा पडदा. आणि जिथं तिथं एकच आरोळी: "पेशंटसोबत कोण आहे?" जणू पेशंट हे एक गाठोडं आणि ते कोणाचं आहे तेवढं कळलं की झालं. मला टेबलावर झोपवलं. दुर्बिणीसारख्या यंत्रातून डॉक्टरीण बाईंनी पाहिलं, मागे शिकणारी पोरं-पोरी उभी. मी छताकडे बघत होते आणि लाजेनं मरत होते. नंतर लोकांनी मला जिवंतपणीच जे मारलं त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं म्हणा.

पण त्या डॉक्टरीण बाई चांगल्या. मी उठून बसले तेव्हा माझ्याकडे बघून बोलल्या. "हा कॅन्सर नाही. तोंडाजवळच्या पेशी थोड्या बदलल्यात. गरोदरपणात त्याला हात लावायचा नाही. बाळंतपण नेहमीसारखं होऊ दे. त्यानंतर तीन महिन्यांनी परत या, तेव्हा पाहू, लागलं तर तुकडा काढून तपासू."

"बाळाला काही?"

"काही नाही."

"नक्की, मॅडम?"

"नक्की."

मला एकदम हलकं वाटलं. पडद्याआड मी साडी नेसत होते, परकराची गाठ बसत नव्हती, आणि तेवढ्यात त्या बाहेर जाऊन प्रकाशशी बोलल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही. मी कायले ऐकू? मला तर सगळं सांगून झालं होतं.

परत येताना हे गप्प. वाटेत थांबून संत्री घेतली, केळी घेतली, पेढे घेतले. लग्नानंतर या माणसानं मला मागितल्याशिवाय पेढा आणून दिला नव्हता. आणि जीप किती हळू! मागची माणसं ओरडायला लागली, "प्रकाशभाऊ, उतरून ढकलू काय?" तरी हळूच.

मला वाटलं, बाळासाठी जपून चालवतात. केवढं कौतुक वाटलं मला त्यांचं!

सगळे इतके चांगले का?

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळी, पडलेला भाव, आणि दर काही दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावात कोणी फवारणीचं औषध पिऊन गेल्याची खबर. भेटायला जायची लोकांना सवयच लागली होती. चेहरा कसा ठेवायचा, किती वेळ बसायचं, चहा नको कसं म्हणायचं, सगळं पाठ. तो पाठ झालेला चेहरा घेऊन माणसं आमच्या घरी यायला लागली.

समोरच्या खोलीत कापूस भरून ठेवला होता, भाव चढेल म्हणून. त्याच्या कडेला बसायला जेमतेम जागा. अंगाला खाज सुटायची. तरी येणारा येऊन बसायचाच. कोणी आलूवांग्याची भाजी आणे, कोणी पातोडी, कोणी शेवया. मामीजी माझ्या हातातून झाडू काढून घेत. दुधावरची साय, जिच्यावर एरवी त्यांचा पहारा असायचा, ती माझ्या वाटीत! रूपाला माझ्या आत्यासासू मांडीवर घेऊन म्हणायच्या, "माह्यापाशी राहशीन न माय?" मी म्हटलं, लोक सुधारले बाप्पा.

मग एक दिवस वच्छलाकाकू आल्या. त्यांच्या पोरीच्या लग्नाचे ब्लाउजपीस माझ्याकडे शिवायला पडले होते. म्हणाल्या, "ते कापड दे व वापस. दुसरीकडं टाकतो."

"काहून काकू? मी देतो न वेळेवर."

"राहू दे. तुले कायले तरास." आणि डोळ्याला पदर लावला.

ब्लाउजपीससाठी कोणी रडतं काय? हातातली कात्री टाकली. मी जीपपाशी गेले. हे टायर बघत होते.

"मले काय झालं?"

"काही नाही व. तू आराम कर."

"मंग सारे असे काहून वागून राह्यले?"

"लोकायचं काय घेऊन बसली."

पण टायरवरून नजर काही वर आली नाही. मी मामीजींकडे गेले. डॉक्टरीण बाई काय म्हणाल्या ते शब्दाला शब्द सांगितलं. कॅन्सर नाही, हात लावायचा नाही, बाळंतपणानंतर पाहू. मामीजींनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "हो माय, हो. तसंच हाय. काही नाही होत तुले."

आता माझा फास पाहा. आमच्याकडे आजारी माणसाला खरं सांगत नाहीत. खरं घरच्यांना सांगतात, पेशंटला नाही. म्हणजे मी जितकं म्हणणार, "मी बरी आहे, डॉक्टरनं मला सांगितलं", तितकी लोकांची खात्री, की बिचारीला काही माहीतच नाही! मी भांडले तर, "असं होते, जीव घाबरते." मी हसले तर, "हसू दे, हसू दे." काय करावं सांगा! भिंतीशी बोलावं तर ती निदान डोळे पुसत नाही.

आणि सगळ्यात वाईट काय झालं, ते सांगते. मला स्वतःलाच शंका आली. मी मशीन चालवता चालवता थांबायची. आमच्या यांना खरंच काही वेगळं सांगितलं असेल तर? मला बरं वाटावं म्हणून डॉक्टरीण बाई माझ्याशी तसं बोलल्या असतील तर? सगळं गाव वेडं आणि मी एकटी शहाणी, असं कसं असेल? पोटात बाळ लाथा मारत होतं आणि मी त्याला म्हणत होते, तुझं तोंड तरी पाहीन ना रे मी? लय भीती वाटायची. भीतीपेक्षा राग जास्त, की ही भीतीसुद्धा मला कोणी मोकळेपणानं वाटू देत नव्हतं.

साक्षगंध

सहावा महिना लागला. मामीजी म्हणाल्या, पुसदला त्यांच्या भावाच्या पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आहे, सगळ्यांनी जायचं. मला बरं वाटलं. तेवढाच बदल. मी जांभळी साडी काढली.

जीपमध्ये बसले, आणि पायाशी ठेवलेली पिशवी सरकवली तर उघडली. आत थर्मास. दोन धुतलेली जुनी लुगडी. चादर. माझा गाऊन.

साक्षगंधाला कोणी थर्मास आणि जुनी लुगडी नेतं काय?

आर्णी मागे पडली होती. मी म्हटलं, "गाडी थांबवा."

"काहून?"

"थांबवा म्हणतो न मी!"

थांबवली. रस्त्याच्या कडेला निंब होता, त्याच्याखाली मी उतरून उभी राहिले. म्हटलं, आता मला सांगितल्याशिवाय मी या जीपमध्ये पाय ठेवत नाही. दोघंही एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी मामीजी म्हणाल्या, "पुसदचा डॉक्टर पिशवी काढते. मामानं बोलून ठेवलं."

"अन् बाळ?"

त्या थर्मासचं झाकण घट्ट करायला लागल्या.

"मामीजी, बाळ?"

"लेकरू दुसरं होत नाही तं नाही होत. रूपा हाय न. तू वाचली पायजे."

मी अशी ओरडले की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला. काय काय बोलले ते आता आठवत नाही, आठवलं तरी लिहिण्यासारखं नाही. कोणाची पिशवी, कोणाचं लेकरू, आणि ठरवलं कोणी? मामानं! मामीजी तोंडात पदर धरून खाली बसल्या. मला वाटलं, आता उलट बोलतील. पण त्या बोलायला लागल्या त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल, शांताबद्दल. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"शांताले बी पिशवीचंच होतं. नागपूरवरून आणलं तं डॉक्टर हेच म्हनला, आता काही कराचं नाही, घरी न्या, काय खाईन ते खाऊ घाला, खुशीत ठेवा. रोज इचारे मले, बाई, मले काय झालं व? मी म्हनो, काही नाही, अंगात गरमी झाली. मरेपर्यंत गरमीच सांगतली मी तिले."

माझ्या लक्षात आलं, पण पूर्ण नाही. मी प्रकाशकडे वळले. "तुमाले यवतमाळले काय सांगतलं? जसंच्या तसं सांगा."

ते रडत होते. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाले, "हेच. आता काही कराचं नाही म्हने. घरी घेऊन जा, चांगलं खाऊ-पिऊ घाला, खुशीत ठेवा."

अरे देवा! मी मटकन खालीच बसले. हसू की रडू कळेना. गरोदर बाईच्या नवऱ्याला डॉक्टरनं दुसरं सांगायचं तरी काय? पण आमच्या भागात सुई नाही, सलाइन नाही आणि वरून घरी न्या म्हटलं, म्हणजे एकच अर्थ. तेवढ्यावर या माणसानं घरी तसंच सांगितलं, घरातून ते गावात गेलं, आणि माझं मरण उरावर घेऊन यांनी दीड महिना जीप चालवली होती. दया यायला हवी होती. आली, पण नंतर. त्या वेळी वाटलं, डोक्यात दगड घालावा.

"गाडी यवतमाळकडं वळवा," मी म्हटलं.

पुन्हा यवतमाळ

आम्ही पोचलो तेव्हा ओपीडी उठत होती. डॉक्टरीण बाई थकलेल्या, चिडलेल्या. मी तिघांच्या वतीनं विचारलं. त्या प्रकाशकडे बघतच राहिल्या. "अहो, मी सगळ्याच गरोदर बायकांच्या घरच्यांना हेच सांगते! काही करायचं नाही म्हणजे आत्ता करण्याची गरज नाही. आणि चांगल्या बाईची पिशवी काढायला निघालात तुम्ही?"

हे एक पाऊल टेबलाजवळ सरकले. मग एकदम म्हणाले, "म्हंजे ती मरत नाही?"

"नाही हो!"

मला वाटलं, संपलं. पण वऱ्हांड्यात आल्यावर मामीजी हळूच म्हणाल्या, "तिच्या तोंडावर थोडीच सांगन डॉक्टर."

मी बाकावर बसले. थर्मासमधला चहा ओतून प्यायले. तेवढा एक उपयोग झाला त्याचा. पण त्या दिवसानंतर पुसदचं नाव कोणी काढलं नाही, कारण आता प्रकाश माझ्या बाजूनं उभे होते.

मधलं काहीच नाही

उन्हाळ्यात मुलगी झाली. साधं बाळंतपण. मामीजी नर्सला विचारत होत्या, "बाई वाचन न?" ती म्हणाली, "काहून नाही वाचनार? काय झालं तिले?"

आणि मग सुरू झाला दुसरा प्रकार. मी मेले नाही, म्हणजे मी पूर्ण बरी झाले! तीन महिन्यांनी तपासायला जायचं म्हटलं तर मामीजी म्हणाल्या, "आता कायले? झालं न सारं चांगलं. कायले उकरून काढतं?" ज्या बाया चेहरा पाडून बसायच्या त्याच म्हणायला लागल्या, "डॉक्टरायचं काय, ते भेववतेतच." वच्छलाकाकू तर नवं कापड घेऊन हजर. आधी मला मारून बसले, मग बरी करून बसले. या दोघांच्या मधे काही असतं, थोडं बिघडलेलं, लक्ष ठेवण्यासारखं, हे कोणाच्या डोक्यात शिरतच नव्हतं. कापूस भावासाठी महिना महिना घरात ठेवतात, रोज बघतात, ओल लागू देत नाहीत. बाईच्या शरीराला तेवढाही धीर नाही.

मी गेले. डॉक्टरीण बाईंनी पाहिलं आणि तुकडा काढला. चिमटा घेतल्यासारखं दुखलं, थोडं रक्त गेलं. रिपोर्टला पुन्हा यायला सांगितलं.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसत होते. लहानीला पाजून झालं की घातलेली टीप उसवायची, पुन्हा घालायची. कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांच्या मते मी बरी होते.

रिपोर्टच्या दिवशी मामीजी लहानीला धरायला म्हणून सोबत आल्या. वऱ्हांड्यात बाकावर बसलो. दारातून आरोळी आली, "सुनंदासोबत कोण आहे? नातेवाईकांनी आत या."

प्रकाश सवयीनं उठले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि परत बसले. "तू जाय," म्हणाले.

मी एकटी आत गेले. दारातला माणूस म्हणाला, "मिस्टर कुठं आहेत?" मी म्हटलं, "पेशंटसोबत पेशंटच आहे." आणि खुर्ची ओढून बसले.

डॉक्टरीण बाईंनी सरळ सांगितलं. कॅन्सर नाही. पण बदल गेलेला नाही, थोडा वाढला आहे. असाच ठेवला तर पुढे कधीतरी कॅन्सर होऊ शकतो. तेवढाच भाग काढून टाकायचा, पिशवीला हात लावायचा नाही. नंतर दर वर्षी तपासणी, आणि ती चुकवायची नाही. मी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारली. त्यांनी दोनदा सांगितली. आता सगळं समजलं होतं.

बाहेर आले. मामीजी लहानीला खांद्यावर थोपटत होत्या.

"काय म्हनली?"

मी सांगितलं. चांगलंही सांगितलं आणि वाईटही. काढावं लागेल हे सांगितलं, मला भीती वाटते हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या बाजूनं मान वळवून प्रकाशकडे पाहिलं. "खरं काय रे हे?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. इतकं होऊन!

प्रकाश म्हणाले, "मले काहून इचारतं माय? मी बाहीर होतो. आजार तिचा हाय, तिले इचार."

मामीजींनी लहानीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग बाकावर सरकून त्यांनी मला जागा केली.

"सांग," म्हणाल्या. "पह्यल्यापासून सांग."